सरासरीआड गेलेली मुलं : अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या तुलनेची पार्श्वभूमी

कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात १९५० साली ऑलिव्हर ब्राउन आपल्या मुलीचं, लिंडाचं नाव घालायला घराजवळच्या समनर शाळेत गेले. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती, पण फक्त गोऱ्या मुलांसाठी. लिंडाला प्रवेश नाकारला गेला. ती आधीसारखीच रेल्वेच्या यार्डातून चालत बसथांब्यावर जायची आणि तिथून बसने मैलभर लांबच्या मनरो शाळेत. याच कुटुंबाचं नाव पुढे शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्याला मिळालं.

या खटल्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खालच्या न्यायालयाने टोपेकातल्या गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांची तुलना केली होती. इमारती, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता या सगळ्यांत दोन्हीकडे फारसा फरक नाही, असाच निष्कर्ष निघाला. १८९६ पासून चालत आलेल्या 'वेगळं पण समान' (सोयी सारख्या असतील तर वंशावरून वेगळ्या शाळा चालतील) या तत्त्वानुसार विषय तिथेच संपायला हवा होता. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की मुलांना वंशावरून वेगळं काढणं हीच मुळात असमानता आहे. विटा, बाकं आणि पदव्या मोजून दोन शाळा सारख्या ठरवता येत नाहीत, हे त्या दिवशी कायद्याने मान्य केलं. मग मोजायचं काय, याचं उत्तर मात्र निकालात नव्हतं. ते शोधण्यात पुढची सत्तर वर्षं गेली.

पहिला मोठा प्रयत्न सरकारी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातच शिक्षणातल्या संधींची देशभर पाहणी करण्याचा आदेश होता. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या चाचण्या झाल्या आणि १९६६ मध्ये अहवाल आला. शाळांच्या साधनसामग्रीतल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांशी कितीतरी घट्ट संबंध आहे, असं त्यात दिसलं. याचा अर्थ अनेकांनी 'शाळेने काही फरक पडत नाही' असा लावला, आणि तो फार सोयीचा होता. त्याच अहवालात असंही नोंदवलेलं होतं, की शाळेच्या दर्जाचा परिणाम गोऱ्या मुलांपेक्षा अल्पसंख्य मुलांवर जास्त होतो. ज्यांच्यासाठी ही सगळी पाहणी झाली, त्यांच्याबद्दलचं हे वाक्य चर्चेत मागे पडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रॉन एडमंड्स या कृष्णवर्णीय अभ्यासकाने ते मागे पडू दिलं नाही. त्यांनी शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या अशा प्राथमिक शाळा शोधल्या, जिथे गरिबांची मुलं उत्तम शिकत होती. १९७९ मधल्या त्यांच्या लेखाचा रोख स्पष्ट होता : अशी एक जरी शाळा असेल, तर बाकीच्यांना घरच्या परिस्थितीकडे बोट दाखवता येणार नाही. चांगली शाळा ओळखण्याची त्यांची कसोटीही वेगळी होती. ते एकूण निकाल बघत नसत. त्या शाळेतली गरीब मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने मूलभूत गोष्टी शिकतात का, हे बघत.

कायद्यात ही कसोटी आली ती टेक्ससमार्गे. तिथे १९९० च्या दशकात शाळेची श्रेणी ठरवताना कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांची), गोरी आणि गरीब मुलं यांचे निकाल वेगवेगळे धरायला सुरुवात झाली. एका गटाचा निकाल पडला की सगळ्या शाळेची श्रेणी खाली. टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले आणि ८ जानेवारी २००२ रोजी त्यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि निकाल गटवार जाहीर करणं बंधनकारक.

यात काय बदललं ते आकड्यांत बघू. समजा, एका शाळेत ४०० मुलं आहेत. ३२० गोऱ्या मुलांपैकी २८८ पास, म्हणजे ९० टक्के. ८० कृष्णवर्णीय मुलांपैकी २८ पास, म्हणजे ३५ टक्के. शाळेचा एकूण निकाल लागतो ७९ टक्के, आणि गावात ती चांगली शाळा म्हणून ओळखली जाते. नव्या कायद्यानंतर ते ३५ टक्के पहिल्यांदा कागदावर आले. चांगल्या वस्तीतल्या नावाजलेल्या शाळांनाही उत्तर द्यावं लागलं. या कायद्यावर कितीही टीका झाली, तरी त्याचं हे श्रेय कुणी काढून घेऊ नये.

टीकाही खरी होती. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचलीच पाहिजेत, हे उद्दिष्ट अशक्य होतं. उद्दिष्ट न गाठणाऱ्या शाळांवर कारवाई होत असे; त्या शिक्षेच्या भीतीने शाळा परीक्षेपुरतं शिकवू लागल्या. अटलांटात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांत फेरफार केले. २०११ च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा सहभाग निघाला. आणखी एक पळवाट होती. गट किती मुलांचा असला तर तो मोजायचा, हे राज्यांनी ठरवायचं. राज्याने ४० चा आकडा धरला आणि शाळेत ३८ हिस्पॅनिक मुलं असली, की तो गट हिशेबातून गायब. प्राथमिक शाळा लहान असतात, त्यामुळे तिथे हे सर्रास घडलं.

पण मूळ दोष वेगळाच होता. तिसरीतलं मूल कमी गुणांवर असेल, तर त्यात शाळेचा वाटा किती आणि त्याआधीच्या आठ वर्षांचा किती? गुणांची पातळी हे सांगत नाही. वर्षभरात मूल किती पुढे गेलं, ते बघावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अभ्यासक शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या शालेय जिल्ह्यांचे निकाल एका मापावर आणले, तेव्हा पातळी श्रीमंतीच्या मागोमाग जाते, प्रगती मात्र तशी जात नाही, हे दिसलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं असलेल्या शिकागोत मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. ज्या शहराच्या शाळांना सगळे नावं ठेवत, तिथलं हे चित्र आहे.

'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'च्या जागी आलेल्या २०१५ च्या कायद्याने शिक्षेचा भाग राज्यांवर सोडला, गटवार निकाल मात्र कायम ठेवले. शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या 'ग्रेटस्कूल्स' या संस्थेनेही २०१७ पासून गुण देताना वंचित गटांच्या निकालाचा विचार सुरू केला. हे गुण घरांच्या जाहिरातींत छापले जातात. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला घर शोधणारी आपली मराठी मंडळीही तेच बघून निर्णय घेतात. नऊ गुणांची शाळा हवी म्हणून जास्त पैसे मोजले जातात, आणि ज्यांना ते परवडत नाहीत ती कुटुंबं आणखी लांब ढकलली जातात. वरच्या एका आकड्यावर न थांबता खालचं गटवार कोष्टक उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढी सर्वांनी द्यावीत असं मला कळकळीने वाटतं.

त्या कोष्टकातही अजून एक झाकण आहे. 'एशियन' या रकान्यात अभियंत्याच्या घरातलं मराठी मूल आणि आग्नेय आशियातून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग किंवा कारेन समाजाच्या कुटुंबातलं मूल एकत्रच मोजलं जातं. पहिल्याच्या गुणांखाली दुसऱ्याची अडचण झाकली जाते. मिनेसोटात या समाजांची वस्ती मोठी आहे. तिथल्या आशियाई संघटनांनी मागणी लावून धरली, आणि २०१६ मध्ये राज्याने हे गट सुटे करून निकाल मांडण्याचा कायदा केला.