काष्ठौषधी नेण्यापूर्वी एवढे वाचा

"याचा साइड इफेक्ट तर नाही ना?" हा प्रश्न काष्ठौषधींच्या, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांच्या, आमच्या काउंटरवर रोज येतो. ज्या मुळीचा शरीरावर गुण येतो, तिचा नको तो परिणामही होऊ शकतो, हे आमचे उत्तर. सर्पगंधेचेच पाहा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग शोधनिबंधातून मांडला आणि पुढे तिच्यातले रिसर्पिन हे औषधी द्रव्य जगभर वापरले गेले. त्याच रिसर्पिनमुळे काही रुग्णांचे मन खचते, हेही नंतर लक्षात आले. म्हणून सर्पगंधा आम्ही वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, ओळख कितीही जुनी असो.

गुळवेलीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. करोनाच्या काळात तिला अचानक मागणी आली आणि लोक कुंपणावरची दिसेल ती वेल तोडून काढा करू लागले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत होत असल्याकडे बोट दाखवले. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी उठून दिसतात. खऱ्या गुळवेलीचे खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. पण एवढ्यावरून स्वतःच निर्णय घेऊ नका, वेल घेऊन या, आम्ही पाहतो. आणि खरी असली तरी, यकृताचा आजार किंवा आमवातासारखा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा (ऑटोइम्यून) आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल सुरू करू नका. काढा पिताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा तिथेच थांबवून दवाखाना गाठा.

अशोकाच्या सालीतही अशीच गफलत होते. सोसायटीच्या कडेने सरळसोट वाढणारा तो औषधातला अशोक नव्हे. त्याची साल खऱ्या सालीत सर्रास मिसळली जाते. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून मुले दिवसभर चघळतात, पण मोठ्यांनी तो बरेच दिवस भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. पोट साफ करणारी सोनामुखी चार दिवसांपुरती, रोजची नव्हे.

आता काढ्याविषयी. चमचाभर भरड, दोन कप पाणी, मंद आच, झाकण न ठेवता अर्धा कप उरेपर्यंत आटवायचे. भांडे स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियमचे नको. मात्र तुळस, पुदिना यांसारखी सुवासिक पाने उकळत ठेवली तर वासाबरोबर गुणही उडतो. त्यांच्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवा. याला फांट म्हणतात. धने रात्री भिजवून सकाळी गाळले, की झाला हिम. तिन्हींना सरसकट 'काढा' म्हणून सगळेच खळखळून उकळणारी मंडळी बरीच आहेत.

चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, म्हणजे त्याचा गुण कमी होतो, असे शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात म्हटले आहे. म्हणून वर्षभराचे त्रिफळा चूर्ण एकदम नेऊ नका. आमच्याकडे हिरडा, बेहडा, आवळा बिया काढून, मागणीप्रमाणे दळून मिळतो. किलोवर सूट मागू नका, ती आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही.

आमच्या पुडीवर 'मधुमेह बरा करते' असे काही छापलेले दिसणार नाही. १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही छापले नसते. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आमच्या भरवशावर बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर पुडी बांधण्याआधीच सांगा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणलीत तर उत्तम. नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटे आणा.