इंटरनेट कॉल (व्हॉइस आणि व्हिडिओ)

इंटरनेट कॉल : टेलिफोनची वेगळी लाइन न अडवता, इंटरनेटवरून आवाज किंवा आवाज आणि चित्र दोन्ही बोलता बोलता पलीकडे पोहोचवण्याची पद्धत. बोलण्यात ‘नेट कॉल’, ‘व्हॉट्सॲप कॉल’ किंवा नुसते ‘व्हिडिओ लाव’. कोकणात मुंबईचा चाकरमानी नाही किंवा आखातात कोणी नाही अशी वाडी क्वचितच सापडेल. या घरांचा आधार आधी पत्र आणि मनीऑर्डर होता, मग बाजारपेठेतला एसटीडी बूथ आला. तिथे लाल आकडे पळू लागले की बोलणे आवरते घ्यावे लागे. आज तीच माणसे चूल पेटलेली असताना तासभर बोलतात. हे कसे घडते आणि कुठे अडते, ते कोकणच्या माणसाने समजून घेण्यासारखे आहे, कारण अडण्याची बरीचशी कारणे आपल्या डोंगरात आणि पावसात आहेत.

जुन्या टेलिफोनमध्ये नंबर लागला की दोन घरांमध्ये एक वाट राखली जाई. दोघे गप्प बसले तरी फोन ठेवेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. इंटरनेटवर राखीव वाट नाही. तिथे आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता पडतो आणि तो इतरांचे फोटो, सिनेमे, बँकेचे व्यवहार यांच्या गर्दीतून पुढे सरकतो. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात.

तुकडा केवढा? नेहमीच्या कॉलमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. जुन्या डिजिटल टेलिफोनमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजत आणि त्याला ६४,००० बिट लागत. आजची ॲप मोजतात त्याहून जास्त वेळा, पण मोजलेले आकडे कोडेक नावाचे सॉफ्टवेअर दाबून लहान करते. २०१२ मध्ये प्रमाण ठरलेला ‘ओपस’ हा कोडेक यासाठी पुष्कळ वापरला जातो. सेकंदाला २४,००० बिटांतही तो चांगला आवाज देतो. या हिशेबाने एका पॅकेटमध्ये ६० बाइटचा आवाज बसतो आणि त्यावरच्या पत्त्याचा लिफाफाच ४० बाइटचा होतो. तरीही तासभराच्या बोलण्याला एका दिशेने साधारण १८ एमबी पुरतात. जुना फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पोहोचवत असे, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांत गल्लत होई. नेट कॉलवर ती पट्टी रुंद असते. म्हणूनच आवाज जवळचा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. फोटो पाठवताना एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवले जाते. रजिस्टर पोस्टासारखी त्याची पोचपावती असते. कॉलचे पॅकेट मात्र बहुधा यूडीपी या पद्धतीने जाते, म्हणजे साध्या पत्रासारखे: टाकले, पोहोचले तर पोहोचले. हा हलगर्जीपणा नाही, फार विचारपूर्वक केलेली निवड आहे. बोलताना हरवलेला तुकडा चालतो, उशिरा आलेला चालत नाही. ‘बाबांना बरे नाही’ यातला अर्धा ‘बा’ गळला तरी कान तो भरून काढतो, पण तो एका सेकंदाने मागाहून ऐकवला तर वाक्यच मोडते. त्यामुळे उशिरा आलेले पॅकेट ॲप टाकून देते आणि आधीच्या आवाजावरून अंदाजाने खड्डा बुजवते. असे खड्डे वाढले की आवाज यंत्रासारखा घोगरा आणि ओढलेला येतो.

पॅकेटे सुटतात सारख्या अंतराने, पोहोचतात मात्र वाटेल तशी. अर्ध्या अर्ध्या तासाने सुटलेल्या तीन एसटी घाटात कोंडी झाली की एकामागोमाग स्टँडवर येतात, तसेच. त्यासाठी ॲप आलेली पॅकेटे लगेच न वाजवता क्षणभर धरून ठेवते आणि रांग लावून सोडते. जास्त धरली तर आवाज सलग येतो पण उत्तराला वेळ लागतो. कमी धरली तर उत्तर झटपट, पण आवाज तुटक. एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. त्याच्या बराच पुढे गेला की दोघे एकदम बोलू लागतात, मग ‘तू बोल’, ‘नको, तू बोल’ सुरू होते. मुंबई ते दुबई सरळ अंतर साधारण १,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे समुद्राचा वाटा जेमतेम १० मिलिसेकंद. बाकीचा उशीर फोनमध्ये, टॉवरवर आणि वाटेतल्या रांगांत होतो.

बोलणे सुरू होण्याआधी दोन फोनांनी एकमेकांना शोधावे लागते. घंटी वाजवणे, उचलल्याचे कळवणे, कोणता कोडेक चालेल ते ठरवणे ही कामे कंपनीचा सर्व्हर करतो. अडचण पुढची असते. मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. सगळ्या वाडीची पत्रे पोलीस पाटलाच्या घरी यावीत तसे. बाहेरून आलेले पॅकेट नेमके कोणाचे, हे आधी ठरलेले नसते. म्हणून प्रत्येक फोन ‘स्टन’ सर्व्हरला आपला बाहेरचा पत्ता विचारतो आणि मग दोन्ही फोन थेट वाट उघडून पाहतात. उघडली नाही तर ‘टर्न’ नावाचा मध्यस्थ सर्व्हर पॅकेटे इकडून तिकडे देतो. असे झाले की एका खाडीच्या दोन काठांवरच्या घरांचे बोलणेही मुंबई किंवा त्याहून लांब जाऊन परत येऊ शकते.

चित्राचा पसारा याहून फार मोठा. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, सेकंदाला ३० चौकटींचे साधे चित्र न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ११ कोटी बिट लागतील. ते १० लाखांच्या आत बसते, कारण दोन चौकटींमध्ये बदलते फार थोडे. आजी ओटीवर बसून बोलते तेव्हा भिंत, कॅलेंडर, झोपाळा तेच. हलतात ते ओठ आणि हात. एच.२६४ सारखा कोडेक एकदा पूर्ण चौकट पाठवतो आणि पुढे फक्त फरक. तीच आजी फोन हातात घेऊन आंब्याचा मोहोर दाखवायला परड्यात निघाली की सगळेच बदलते, पाने हलत असतात, आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. फोन स्थिर धरला तर कमी रेंजमध्येही चेहरा नीट दिसतो. रेंज आणखी घसरली की ॲप आधी चित्राचा दर्जा उतरवते, मग चित्रच थांबवते, आवाज शेवटपर्यंत जपते. अडले की आपणच व्हिडिओ बंद करावा. बोलणे बहुधा सुटते.

ग्रुप कॉलमध्ये प्रत्येक फोनने प्रत्येकाला चित्र पाठवणे झेपणारे नसते. प्रत्येक जण आपले चित्र एकदाच सर्व्हरला देतो आणि सर्व्हर ते बाकीच्यांना वाटतो.

गणपतीत याच ग्रुप कॉलवर एक गोष्ट जवळून दिसते. सुट्टी न मिळालेला मुलगा कुवेतहून पडद्यावर, घरात आरती सुरू. खरे तर त्याला सगळ्यांबरोबर म्हणायची असते, पण उशिरामुळे त्याची टाळी अर्ध्या ठेक्याने मागे पडते. शेवटी माइक बंद करून तो आपल्यापुरती म्हणतो. शिवाय आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा माणसाचे बोलणे ओळखून बाकीचे कापायला शिकवलेली असते. कौलांवरची पावसाची संततधार ती चांगली कापते, कारण तो आवाज एकसारखा असतो. झांज आणि टाळ मात्र तिला गोंगाट वाटतात, आणि आरती मध्येच दबते. काही ॲपमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. आरतीला, भजनाला ती चालू करावी.

कोकणात खरा प्रश्न शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा आहे. मोबाइलच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. वाडी खाली खाचरात, टॉवर पलीकडच्या सड्यावर. त्यामुळे घरात शून्य आणि परड्यातल्या एकाच फणसाखाली दोन काड्या. ‘आये, ऐकाक येता मा?’ असे तीनदा विचारल्यावर ती न सांगता त्या फणसाकडे चालू लागते. २०२०च्या टाळेबंदीत मुलांनी सड्यावर खोपी बांधून ऑनलाइन अभ्यास केल्याच्या बातम्या आल्या, त्या याच भूगोलाच्या. कोकण रेल्वेत उक्शी ते भोके दरम्यान साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागला की चालू कॉलही तुटतात.

गणपतीत आणि मे महिन्यात गाव भरते आणि टॉवर तेवढेच राहतात. तेव्हा व्हॉट्सॲप कॉल अडखळतो, पण साधा फोन नीट लागतो, याचे अनेकांना नवल वाटते. आज ४जीवरचा साधा फोनही, म्हणजे व्हीओएलटीई, पॅकेटांनीच चालतो. पण त्या पॅकेटांना मोबाइल कंपनी आपल्या जाळ्यात अग्रक्रम देते. व्हॉट्सॲपचे पॅकेट शेजारच्या सिनेमाच्या पॅकेटांबरोबर एकाच रांगेत उभे असते. आणि वीज गेली की टॉवर बॅटरी आणि डिझेलवर जगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा खांब, तारा आणि टॉवर एकदमच गेले. मुंबईतल्या माणसांना गावच्या घराचे छप्पर उरले की नाही हेही कळेना.

इतिहास थोडक्यात असा. १९९५ मध्ये व्होकलटेक कंपनीने संगणकावरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. २००३ मध्ये स्काइप आले (ते मे २०२५ मध्ये बंद झाले), व्हॉट्सॲपवर २०१५ मध्ये व्हॉइस आणि २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाले. संयुक्त अरब अमिरातीत परवानाधारक ॲपवरूनच इंटरनेट कॉल करता येतो. त्यामुळे दुबईतल्या मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि कॉल बोटिमवर. जानेवारी २००८च्या अखेरीस इजिप्तजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारत आणि आखात दोन्हीकडचे इंटरनेट रखडले होते.

व्हॉट्सॲपसारख्या सेवांत आवाज फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि किल्ली फक्त दोन टोकांना असते. मध्यस्थ सर्व्हरला पॅकेट दिसते, बोलणे ऐकू येत नाही. पण पलीकडचा माणूस खरा कोण, याची हमी हे कुलूप देत नाही. गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे याच सुरक्षित वाटेने येतात. कायद्यात अशी अटकच नाही. कॉल तोडावा आणि पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही. तो साध्या फोननेच लावावा लागतो. समुद्राकडे डोंगराची आड नसल्यामुळे किनाऱ्यालगत मच्छीमारांना सड्यावरच्या टॉवरची रेंज चांगली मिळते आणि घरी व्हिडिओही लागतो, पण बाहेर खोल पाण्यात ती संपते. तिथे संकटात बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ संच आणि त्यावरचे १६ नंबरचे चॅनल वापरायचे. रेंज असेपर्यंत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.