वेअरहाऊस क्लबचे सदस्यत्व: फी वसूल होते का, आणि कुणाची?

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी घरखर्चाविषयीचे माहितीपत्रक

टॅक्सच्या कामासाठी आमच्याकडे येणारी मंडळी कागदपत्रे आवरता आवरता एक प्रश्न हमखास विचारतात: "कॉस्टकोची मेंबरशिप परवडते का हो?" कुणी नुकतेच भारतातून आलेले असतात, कुणाकडे बाळ झालेले असते, कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी यायचे असतात. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे निघते, म्हणून हिशेबाची पद्धतच इथे लिहून देत आहोत. वेअरहाऊस क्लब म्हणजे वर्षाची फी भरून सदस्य झालेल्यांना मोठ्या मापात माल विकणारे दुकान; कॉस्टको हे त्यातलेच एक. कोणत्याही क्लबकडून आम्हाला कमिशन मिळत नाही.

आमचे मत आधीच सांगतो. फी ही या व्यवहारातली सर्वांत लहान रक्कम आहे आणि चौघांच्या घरात ती सहज निघते. पैसे खरे जातात ते फ्रीजमध्ये नासलेल्या भाजीत आणि यादीत नसताना गाडीत येऊन बसलेल्या वस्तूंत. तेव्हा हिशेब तिथला करायला हवा.

फी घेतात ती कशासाठी?

१९७६ साली सॉल प्राइस यांनी सॅन डिएगोमध्ये विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब उघडला. सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे छोटे व्यावसायिक. माल ठोकमध्ये, सजावट शून्य, आणि आत यायचे तर वर्षाची फी भरायची. १९८३ मध्ये ओक्लाहोमात सॅम्स क्लब आणि सिएटलमध्ये कॉस्टको सुरू झाले, १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बीजेज आले. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र झाले. आज अमेरिकेत याच तिघांची नावे आपल्या कानावर येतात.

धंद्याची रचना समजली की फीचे कोडे सुटते. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांवर वेगवेगळ्या वस्तू असतात. कॉस्टको सुमारे चार हजारच ठेवते. केचपचे दहा ब्रँड नसतात, एखाददुसराच असतो, आणि तो इतक्या प्रचंड प्रमाणात घेतला जातो की उत्पादकाकडून भाव पाडून मिळतो. त्यावर कॉस्टको ब्रँडेड मालावर जास्तीत जास्त १४ टक्के आणि स्वतःच्या कर्कलंड सिग्नेचर मालावर १५ टक्के चढवते. माल विकून फारसे सुटत नाही, मग कमाई कुठून? २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला सदस्यांच्या फीपोटी सुमारे ४८० कोटी डॉलर मिळाले, तर कामकाजातून झालेला एकूण नफा सुमारे ९३० कोटींचा होता. म्हणजे निम्म्याहून अधिक नफ्याएवढी रक्कम नुसत्या फीची. भाव खरोखरच कमी असतात यावर विश्वास ठेवायला हे पुरेसे कारण आहे. दुकानाला तुम्ही दरवर्षी फी भरायला हवे आहात, आणि ती तुम्ही भाव बरे वाटले तरच भरणार.

किती फी, आणि मोठे कार्ड घ्यावे का?

कॉस्टकोने १ सप्टेंबर २०२४ पासून साध्या सदस्यत्वाची फी ६० वरून ६५ डॉलर आणि एक्झिक्युटिव्हची, म्हणजे वरच्या कार्डाची, १२० वरून १३० डॉलर केली. बीजेजने जानेवारी २०२५ पासून साधे कार्ड ६० आणि वरचे १२० डॉलरला नेले. सॅम्स क्लबने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फी ५० आणि ११० डॉलर केली होती. सॅम्स आणि बीजेज नव्या सदस्यांसाठी पहिल्या वर्षी अनेकदा सवलत देतात, तेव्हा पूर्ण फी भरण्याआधी चालू ऑफर बघून घ्या.

काउंटरवर नाव नोंदवताना एक्झिक्युटिव्ह कार्डाचा आग्रह होतो. वर्षभराच्या खरेदीवर २ टक्के परत, ऐकायला छान वाटते. गणित असे: कॉस्टकोत वरच्या कार्डासाठी ६५ डॉलर जादा पडतात, आणि ते २ टक्क्यांतून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला साधारण २७१ डॉलरची खरेदी व्हावी लागते. महिन्याला २०० डॉलरची खरेदी करणाऱ्याला वर्षाअखेर ४८ डॉलर मिळतील, म्हणजे १७ डॉलर पदरचे गेले. महिना ३०० असेल तर ७२ मिळतील आणि ७ डॉलर हातात राहतील. शिवाय गॅस (म्हणजे गाडीचे पेट्रोल) आणि फूड कोर्टवरचा खर्च या २ टक्क्यांत धरत नाहीत. रिवॉर्ड वर्षातून एकदा मिळतो आणि तो कॉस्टकोतच वापरायचा असतो.

म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: पहिले वर्ष साधे कार्ड घ्या. वर्षभराचा आकडा समोर आला की वरचे कार्ड घ्यायचे की नाही ते आपोआप कळेल. उलटे केलेत, आधी मोठे कार्ड घेतलेत, तर "२ टक्के मिळतातच आहेत" म्हणून हात सैल सुटतो. हे आम्ही ग्राहकांच्या खर्चाच्या वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

एकाच पत्त्यावर राहणाऱ्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कॉस्टकोचे कार्ड फुकट मिळते. नवराबायकोने दोन वेगळी सदस्यत्वे घेण्याचे कारण नाही.

औंसाचा भाव बघा, पाकिटाचा नको

शेल्फवरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात किंमत असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात औंसाचा, पाउंडाचा किंवा नगाचा भाव. वाचायचा तो बारीक आकडा. नेहमीच्या दुकानात सेल लागलेला असताना लहान पाकीटही औंसामागे स्वस्त पडू शकते. एक बारकावा: एका दुकानात भाव औंसाने लिहिलेला असतो आणि दुसऱ्यात पाउंडाने. १६ औंस म्हणजे एक पाउंड, एवढे लक्षात ठेवले की फसगत होत नाही.

आता पालकाचा एक हिशेब, आकडे समजण्यापुरते घेतलेले. क्लबमध्ये १६ औंसांचा डबा ५ डॉलरला, नेहमीच्या दुकानात ५ औंसांचा ३ डॉलरला. क्लबचा औंस ३१ सेंटला पडला, दुकानाचा ६० सेंटला. जवळजवळ निम्मा भाव! पण दोघांच्या घरात एकदा पालकाची भाजी झाली, एकदा पराठे झाले, आणि आठवड्याअखेर डब्याच्या तळाशी पाणी सुटून काळपट झालेली पाने उरली. अर्धा डबा कचऱ्यात गेला. मग खाल्लेल्या ८ औंसांसाठी तुम्ही ५ डॉलर मोजले, म्हणजे औंसाला ६२ सेंटहून थोडे जास्त. लहान डबा स्वस्त पडला असता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजाप्रमाणे या देशातले ३० ते ४० टक्के अन्न वाया जाते. त्यात आपल्या घराचा वाटा किती, हे ज्याने त्याने आपल्या कचऱ्याच्या पिशवीत बघावे.

काय मोठ्या मापात घ्यावे

पांढरा तांदूळ, साखर, मीठ, सुकी कडधान्ये डोळे झाकून घ्या; कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात वर्ष सहज निघते. किडे होतील अशी भीती असेल तर वीस पाउंडांची पिशवी आणल्यावर लहान डब्यांत वाटून ठेवा, म्हणजे एका डब्याला लागलेली कीड सगळ्या तांदळात पसरत नाही. कणकेचे तसे नाही. गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात तेल असते, ते हवेने खवट होते आणि पोळ्या कडवट लागायला लागतात. ब्राऊन राइस, बदाम, काजू, अक्रोड यांनाही हाच न्याय. मेवा क्लबमध्ये चांगला स्वस्त मिळतो, घ्याच, पण फ्रीझरमध्ये जागा असेल तर.

लोणी हा आमच्या मते सर्वांत फायद्याचा सौदा. बिनमिठाचे लोणी चार पाउंड आणायचे, दोन पाउंडांचे त्याच दिवशी तूप कढवायचे आणि बाकीचे फ्रीझरमध्ये टाकायचे. तिथे ते काही महिने उत्तम राहते. तयार तुपाच्या बरणीशी भाव ताडून पाहा. मटार, मका आणि इतर फ्रोझन भाज्याही बिनधास्त घ्याव्यात. मसाल्याच्या मोठ्या बरण्या मात्र नकोत. जिऱ्याची, धन्याची पूड खराब होत नाही, पण वास उडून जातो, आणि वास गेलेला मसाला दुप्पट घालावा लागतो.

डायपर, वाइप्स, टॉयलेट पेपर, डिशवॉशरच्या गोळ्या नासत नाहीत. जागा असेल तर भरा. डायपरमध्ये एकच धोका. बाळ भराभर वाढते, मधल्या मापाचे दोन खोके एकदम आणले तर दुसरा अर्धवट राहतो. ब्लीच आणि सनस्क्रीन वर्षानुवर्षे टिकत नाही, त्यामुळे तिथे मोठ्या मापाचा मोह टाळावा.

टायर, चष्मे, औषधे या गोष्टींकडे नव्या सदस्यांचे लक्ष जात नाही. कॉस्टकोत बसवलेल्या टायरचे रोटेशन, बॅलन्सिंग आणि पंक्चर दुरुस्ती त्याच पैशांत मिळते. टीव्ही घेणार असाल तर परत करण्याची मुदत ९० दिवसांची आहे आणि वॉरंटी दुसऱ्या वर्षापर्यंत वाढवून मिळते. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी महत्त्वाचे: इथल्या डॉक्टरने लिहून दिलेली औषधे कॉस्टको आणि सॅम्स क्लबच्या फार्मसीतून सदस्य नसतानाही घेता येतात. केवळ तेवढ्यासाठी कार्ड काढू नका.

गॅसचा हिशेब अंतरावर ठरतो

क्लबचा पंप रोजच्या वाटेवर असेल तर फी एकट्या गॅसमधून निघते. ६५ डॉलर म्हणजे महिन्याला ५ डॉलर ४२ सेंट. महिन्यातून चार वेळा बारा गॅलन भरता आणि गॅलनमागे १५ सेंट वाचतात असे धरा. ७ डॉलर २० सेंट वाचले. पुढची सगळी बचत निव्वळ फायदा.

पण तोच पंप दहा माइलांवर असेल आणि तुम्ही मुद्दाम तिथे जात असाल, तर जाऊन-येऊन वीस माइल. गाडी गॅलनला २५ माइल देते आणि गॅस साडेतीन डॉलर आहे असे धरले तर फेरीलाच २ डॉलर ८० सेंटचा गॅस जळतो, आणि बारा गॅलनवर वाचतात १ डॉलर ८० सेंट. रांगेतली वीस मिनिटे वेगळी. असे पाहून मगच ठरवा. गाडीच नसेल आणि माल घरपोच मागवणार असाल तर तेही लक्षात घ्या: कॉस्टकोच्या त्याच दिवशीच्या डिलिव्हरीचे भाव दुकानातल्या भावांपेक्षा चढे असतात. एकटे राहणारे विद्यार्थी, लहान अपार्टमेंट, गाडी नाही, एवढे असेल तर या वर्षी सदस्यत्व घेऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

यादीबाहेरची खरेदी

दुकानाची मांडणी तुम्हाला फिरवत ठेवण्यासाठी केलेली असते. कॉस्टकोत कोणत्या रांगेत काय आहे याच्या पाट्या नसतात, रोजच्या लागणाऱ्या वस्तू आत खोलवर असतात, आणि प्रवेशाजवळ टीव्ही, जॅकेटे, दागिने. दीड डॉलरचा हॉट डॉग आणि सोडा १९८० च्या दशकापासून त्याच भावाला आहे. असा एक भाव डोक्यात बसला की बाकी सगळेही तितकेच स्वस्त असणार असे वाटू लागते. दूध आणायला गेलेला माणूस दोनशे डॉलरची पावती घेऊन परत येतो, त्यात त्याचा दोष थोडा आणि मांडणीचा जास्त.

त्यातून ही खरेदी क्रेडिट कार्डावर होते. अमेरिकेतल्या कॉस्टकोत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचे चालते. कोणतेही कार्ड असो, बिल पूर्ण फेडत नसाल तर हिशेब पाहा: ४०० डॉलरची बाकी वर्षाला २० टक्के व्याजाने एक महिना राहिली तर ६ डॉलर ६७ सेंट व्याज होते. महिन्याच्या फीपेक्षा जास्त. कार्डावर बाकी असलेल्या ग्राहकांना आम्ही आधी ती फेडायला सांगतो, क्लब नंतर.

वाटून घेणे हा जुना आणि चांगला मार्ग आहे. सदस्याला सोबत पाहुणे नेता येतात, पैसे मात्र सदस्यानेच भरायचे. दोन घरांनी मिळून तांदळाची पिशवी, लोणी, बदाम घ्यायचे आणि घरी येऊन वजनकाट्यावर वाटायचे. लहान कुटुंबांना क्लब परवडतो तो बहुधा असाच.

नाही जमले तर

कॉस्टकोच्या नियमाप्रमाणे सदस्य समाधानी नसेल तर केव्हाही सदस्यत्व रद्द करून पूर्ण फी परत मिळते. सॅम्स क्लबचीही अशी हमी आहे. काउंटरवर जाऊन सांगायचे, संकोच करायचा नाही. आणि नाव नोंदवताना ऑटो-रिन्युअलची खूण लागली आहे का ते बघा. न वापरलेल्या कार्डाची फी पुढच्या वर्षी आपोआप कापली गेल्याची तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात.

टॅक्सपुरते: घरच्या खरेदीसाठी भरलेली फी वजा होत नाही. तुमचा केटरिंगचा, डे-केअरचा किंवा दुसरा धंदा असेल आणि माल त्यासाठी घेत असाल, तर फीचा तेवढा भाग धंद्याच्या खर्चात धरता येतो. पावत्या वेगळ्या ठेवा. घरचा किराणा आणि धंद्याचा माल एकाच पावतीवर आला की आम्हाला आणि तुम्हाला दोघांनाही मार्चमध्ये डोकेदुखी होते.

पुढच्या भेटीला येताना नेहमीच्या दुकानाच्या गेल्या दोन महिन्यांच्या पावत्या आणि तुम्ही सर्वांत जास्त घेता अशा दहा वस्तूंची यादी आणा. क्लबमधले त्याच वस्तूंचे औंसाचे भाव एखाद्या सदस्य मित्रासोबत जाऊन टिपून आणलेत तर अर्ध्या तासात तुमच्या घराचा आकडा काढून देऊ. त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.