निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ

फोनवर नकाशा उघडला की एक निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एक फिकट निळे वर्तुळ असते. ठिपक्याकडे सर्वांचे लक्ष जाते. वर्तुळ मात्र सजावटीचा भाग समजून सोडून दिले जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. ठिपका हा निव्वळ अंदाज असतो आणि तो अंदाज कितपत चुकू शकतो याची कबुली वर्तुळात दिलेली असते. अँड्रॉइड प्रणालीत स्थानाबरोबर जी त्रिज्या कळवली जाते ती अशी ठरवलेली असते, की फोन प्रत्यक्षात त्या वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के असावी. म्हणजे तीन वेळांपैकी साधारण एकदा आपण त्या वर्तुळाच्याही बाहेर असतो, आणि तरीही वाट सापडते. ती कशी सापडते हे समजून घेण्यात स्थानाधारित सेवांवरील संशोधनाचा मोठा भाग खर्ची पडला आहे. गमतीची गोष्ट अशी, की याच क्षेत्रातले काही संशोधक हे वर्तुळ मुद्दाम मोठे कसे करावे याचा विचार करत असतात.

आधी ठिपका येतो कुठून ते पाहू. उपग्रह वरून आपल्यावर नजर ठेवून असतो, असा एक समज फार रूढ आहे. प्रत्यक्षात जीपीएसच्या उपग्रहाला आपला फोन कुठे आहे याचा पत्ताही नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो स्वतःची जागा आणि स्वतःच्या घड्याळातील वेळ तेवढी प्रक्षेपित करत राहतो. फोन ते नुसते ऐकतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की त्या उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. अशी तीन अंतरे कळली की भूमितीच्या हिशेबाने आपली जागा ठरायला हवी, पण अडचण घड्याळाची आहे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो आणि फोनमधले साधे घड्याळ याहून कितीतरी अधिक चुकते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञातांच्या जोडीला घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात धरून समीकरणे सोडवली जातात. उपग्रहांवरची अणुघड्याळेही सापेक्षतेच्या सिद्धांतातून सुटत नाहीत. उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ती दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेले ३८ मायक्रोसेकंद म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने ११ किलोमीटरहून अधिक अंतर, त्यामुळे ही दुरुस्ती घड्याळाच्या रचनेतच करून ठेवावी लागते.

इतका सगळा काटेकोरपणा असूनही सामान्य नागरिकांना अनेक वर्षे ढोबळ स्थानच मिळत होते, कारण अमेरिकी लष्कर नागरी संदेशात जाणीवपूर्वक गोंधळ मिसळत असे. मे २००० च्या सुरुवातीला तो गोंधळ बंद झाला आणि शंभर मीटरच्या घरात जाऊ शकणारी चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. आज उघड्या आकाशाखाली साधा फोन सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदोउ आणि भारताची नाविक या प्रणालींमुळे एका वेळी ऐकू येणाऱ्या उपग्रहांची संख्याही वाढली आहे.

‘उघड्या आकाशाखाली’ ही अट मात्र फार महाग आहे. उंच इमारतींच्या दाटीत उभ्या असलेल्या माणसाला आकाशाची एक अरुंद पट्टीच दिसते. पट्टीबाहेरच्या उपग्रहांचे संदेश एकतर अडतात किंवा समोरच्या काचेच्या भिंतीवर आपटून, वळसा घालून येतात. वळसा घातलेला संदेश उशिरा पोचतो, फोन ते अंतर खरे मानतो आणि ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बसतो. यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पॉल ग्रोव्हज यांनी २०११ मध्ये मांडलेली युक्ती मला या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. त्यांनी प्रश्नच उलटा केला. कोणता उपग्रह ऐकू येतो, यापेक्षा कोणता ऐकू येत नाही, याकडे पाहावे. शहराचे त्रिमितीय प्रारूप हाताशी असेल तर रस्त्याच्या डाव्या कडेला उभे राहिल्यावर कोणकोणते उपग्रह इमारतींआड जातील आणि उजव्या कडेला कोणते जातील, हे आधीच काढता येते. फोनला प्रत्यक्ष आलेला अनुभव या दोन भाकितांपैकी ज्याच्याशी जुळेल त्या कडेला आपण उभे असतो. याला सावली जुळवणे म्हणतात. एरवी त्रासदायक ठरणारी सावली इथे माहिती पुरवते.

छपराखाली गेल्यावर उपग्रहांचा संबंध जवळजवळ संपतो. तिथे वायफाय कामाला येते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० मध्ये मांडलेल्या रडार नावाच्या पद्धतीत इमारतीत जागोजागी उभे राहून निरनिराळ्या केंद्रांच्या संदेशांची तीव्रता आधी नोंदवून ठेवली होती. प्रत्येक जागेची अशी नोंद बोटांच्या ठशासारखी वेगळी असते. नंतर आलेल्या उपकरणाच्या संदेशाची तीव्रता कोणत्या ठशाशी जुळते ते पाहून दोन-तीन मीटरच्या चुकीने जागा सांगता आली. पण कोणी कपाट हलवले, राउटर दुसऱ्या खोलीत नेला किंवा खोलीत माणसांची गर्दी झाली, की ठसे बदलतात आणि मोजणी पुन्हा करावी लागते. ही कटकट अजून पुरती मिटलेली नाही.

आता गाडीचे उदाहरण घेऊ. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत आडवे अंतर काहीच नसते, आणि ठिपका तर कधी शेजारच्या इमारतीत, कधी तळ्यात पडलेला असतो. अशा वेळी ठिपक्याला सर्वांत जवळच्या रस्त्यावर सरकवावे, हा सरळ उपाय सुचतो, पण चौकात तो सपशेल फसतो. चौक ओलांडताना एखादा ठिपका क्षणभर आडव्या रस्त्याच्या जवळ पडतो आणि गाडी तिकडे वळून पुन्हा परत आली, असा अजब प्रवास कागदावर उमटतो. २००९ मध्ये पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी या कामासाठी बसवलेली संभाव्यतेची पद्धत आता जवळपास पाठ्यपुस्तकी झाली आहे. ती प्रत्येक ठिपक्यासाठी एकच रस्ता न निवडता अनेक उमेदवार जिवंत ठेवते. मग लागोपाठच्या दोन उमेदवारांमधील रस्त्यावरचे अंतर आणि दोन ठिपक्यांमधील सरळ अंतर यांची तुलना करते. आडव्या रस्त्यावर जाऊन परत यायला जितके अंतर लागले असते तितके ते ठिपक्यांमध्ये दिसत नाही, म्हणून तो उमेदवार बाद होतो. एकटा ठिपका अविश्वसनीय असला तरी ठिपक्यांची माळ पुष्कळ विश्वासार्ह असते.

हे सर्व करताना नकाशा बरोबर आहे असे आपण गृहीत धरले. नकाशाभोवतीही असेच एक वर्तुळ असते. फक्त ते कोणी काढून दाखवत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक मीटरच्या पातळीवर येतो आणि सातवा सेंटिमीटरच्या. पाच मीटर चुकणारा फोन जेव्हा सात अंक दाखवतो तेव्हा शेवटचे दोन अंक केवळ शोभेचे असतात. संगणकाला मात्र शोभा आणि माहिती यांतला फरक कळत नाही. रिकामी राहिलेली नोंद तो कधी कधी शून्य मानतो, आणि अशा बेवारस नोंदी शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात भर समुद्रात जाऊन जमतात. जाणकारांनी त्या जागेला ‘नल आयलंड’ असे बेटाचे नावही देऊन टाकले आहे.

रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात कॅनडातील जमिनींच्या नोंदींसाठी पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभारली, तेव्हा नकाशे करणे हे सरकारी आणि तज्ज्ञांचे काम होते. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला आणि कोणालाही नकाशात भर घालता येऊ लागली. २००७ मध्ये मायकेल गुडचाइल्ड यांनी या प्रकाराला स्वयंसेवी भौगोलिक माहिती असे नाव दिले. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते रेखाटले आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. पण हौशी नकाशा कितपत खरा? त्याच वर्षी मुकी हाकले यांनी इंग्लंडमधील अशा नोंदी ऑर्डनन्स सर्व्हे या अधिकृत संस्थेच्या नकाशांशी ताडून पाहिल्या. सरासरी फरक सुमारे ६ मीटर निघाला, म्हणजे फोनच्या चुकीच्या तोडीचाच. अधिक बोचरा निष्कर्ष दुसरा होता. गरीब वस्त्या हौशी नकाशात कमी भरल्या गेल्या होत्या. रेषा किती सरकली आहे हे मोजता येते; जी रेषा कोणी काढलीच नाही तिच्याभोवती कोणते वर्तुळ काढणार?

शिवाय माणसे अक्षांश-रेखांशांत विचार करत नाहीत. ‘१५० मीटरनंतर डावीकडे’ या सूचनेपेक्षा ‘पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे’ ही सूचना चालणाऱ्याला लगेच समजते, आणि ठिपका दहा मीटर चुकला तरी टाकी चुकत नाही. मार्टिन राउबल आणि स्टीफन विंटर यांनी २००२ मध्ये अशा खुणा संगणकाला आपोआप कशा निवडता येतील याचा आराखडा मांडला. दर्शनी भागाचा आकार, रंग, त्या वास्तूचे महत्त्व यांवरून कोणती इमारत आसपासच्या इमारतींतून उठून दिसते, हे त्यात मोजले जाते. टाकी मोठी आहे एवढे पुरेसे नाही. शेजारी तशाच आणखी दोन टाक्या असल्या तर खूण म्हणून ती निरुपयोगी.

येथवर वर्तुळ लहान करण्याची गोष्ट झाली. ते मुद्दाम मोठे का करावेसे वाटते, ते आता पाहू. २०१० मध्ये ५०,००० मोबाइलधारकांच्या नोंदींवरून चाओमिंग सोंग, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की माणसाच्या हालचालींतील ९३ टक्के भाग तत्त्वतः आधी सांगता येण्याजोगा असतो. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मॉन्टजॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या, नावे वगळलेल्या नोंदी तपासल्या. कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ, अशा अवघ्या चार नोंदी कळल्या तरी ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येत होती. नोंदी आणखी ढोबळ केल्या तर ही ओळख पुसट होते खरी, पण फार संथपणे. जानेवारी २०१८ मध्ये तर धावण्या-सायकलिंगच्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या एकत्रित नकाशात ओसाड प्रदेशातील लष्करी तळांच्या आखीव वाटा उजळून निघालेल्या लोकांच्या लक्षात आल्या. त्यात एकाही व्यक्तीचे नाव नव्हते.

म्हणून फोनने सेवेला खरे स्थान न सांगता मुद्दाम थोडे चुकवून सांगावे, असा मार्ग पुढे आला. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या एका पद्धतीत ही चूक गणिती नियमाने घडवली जाते. जवळजवळच्या दोन जागांवरून जवळपास सारखेच उत्तर निघावे, म्हणजे नेमकी कोणती जागा खरी हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये. दवाखाना शोधणाऱ्याने चुकवलेल्या ठिकाणाभोवतीच्या मोठ्या परिसराची यादी मागवायची आणि त्यातला जवळचा दवाखाना फोननेच स्वतःपाशी निवडायचा. खोच पुढे आहे. रोज रात्री आपण त्याच घरात असतो. दर रात्री चूक नव्याने, यादृच्छिकपणे घडवली तर काही महिन्यांच्या चुकवलेल्या ठिपक्यांची सरासरी नेमकी घरावर येऊन थांबते. त्यामुळे नेहमीच्या जागांसाठी चूक एकदाच घडवून तीच पुन्हा पुन्हा सांगणे अधिक सुरक्षित ठरते. २०२० नंतरच्या आयफोन आणि अँड्रॉइड फोनांत नेमक्या स्थानाऐवजी अंदाजे स्थान देण्याची सोय आहे. ती निवडली की अ‍ॅपपर्यंत पोचणारे वर्तुळ मीटरांऐवजी किलोमीटरांत मोजावे लागते. हवामानाचा अंदाज सांगायला तेवढे पुरते. टॅक्सी बोलावायला पुरत नाही.