देव न मानणारी पोरं सर्वधर्म सभेत काय करतात? पुण्यापुरती थोडी पार्श्वभूमी

पुण्यात सर्वधर्म सभा म्हटली की स्टेजवर कोण बसणार हे ठरलेलंच असतं, एक कीर्तनकार, एक मौलाना, एक फादर, एक भंतेजी, जमलं तर ग्यानीजी. खाली सतरंज्या घालणारी, माइकवाल्याशी हुज्जत घालणारी, पाहुण्यांना रिक्षा बघून देणारी जी कॉलेजची पोरंपोरी असतात त्यातली बरीच जण कुठलाच देव मानत नाहीत. मग कोणीतरी काका विचारतातच, अरे मग तुम्ही इथं कशाला? आणि पुढं हेही, की हे अमेरिकेचं खूळ दिसतंय.

थोडं आहेही तसं. मुंबईत जन्मलेल्या इबू पटेल यांनी शिकागोत कॉलेजच्या मुलांसाठी इंटरफेथ यूथ कोर नावाची संस्था काढली, म्हणणं साधं होतं, भाषणं कमी करा आणि वेगवेगळ्या धर्माच्या पोरांना एकत्र कामाला लावा. २०११ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसनं तिथल्या कॉलेजांना अशाच सेवाकामाचं आवाहन केलं आणि त्यात धर्म न मानणाऱ्या मुलांनाही धरलं. २०२१ ला तर हार्वर्डमधल्या सगळ्या धर्मांच्या चॅप्लेन लोकांनी (म्हणजे विद्यापीठातले धर्मगुरू-सल्लागार) ग्रेग एपस्टीन या नास्तिक माणसालाच आपला अध्यक्ष निवडलं.

पण पुण्यात ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. जोतिरावांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला तो इथंच. ते नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे जग निर्माण करणारा एक कर्ता मानायचे, पण त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ ला आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एक घर आहे, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एकमेकांचा दुस्वास न करता एकत्र राहतायत. आज असं घर सोसायटीत भाड्यानं जागा शोधायला निघालं तर बघा काय होतंय.

आणि तेव्हाचं पुणं कसं होतं? १८९० ला पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले वगैरे मंडळी गेली, तिथं चहाबिस्किटं आली, कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, भारीच खोडसाळ माणूस) सगळ्यांची नावं पेपरात छापून आणली. एका कपावरून ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला), शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्त, सगळं झालं. दुसऱ्या धर्माच्या माणसाकडं चहा घेणं हीच मोठी गोष्ट होती, आंतरधर्मीय काम तर लांबच.

त्याच काळात फर्ग्युसनमध्ये आगरकर होते, १८९२ पासून प्रिन्सिपल, देवाबद्दल अज्ञेयवादी, आणि जिवंतपणी विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा बघितलेले. त्यांचा पिंड मात्र वाद घालायचा. फर्ग्युसनमध्येच शिकलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ला ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, ते श्रद्धावान, प्रार्थना समाजाचे. म्हणजे एकाच कॉलेजातून दोन वाटा निघाल्या, एक धर्माला प्रश्न विचारणारी आणि दुसरी सगळे धर्म समजून घेणारी, आणि माझ्या मते आजची ही पोरं बरोब्बर त्या दोन वाटांच्या मधे उभी आहेत, म्हणून दोन्हीकडची बोलणी खातात.

या दोन वाटा जवळ आणायचं काम पुढं ज्यांनी केलं त्यातले एक हमीद दलवाई. स्वतः नास्तिक, पण २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नावातच फुले. तलाकपीडित बायकांचे प्रश्न घेऊन हे लोक घरोघरी जायचे, आणि त्यांच्या मागे सेवा दल आणि समाजवादी चळवळीतली हिंदू घरातली पोरं असायची. नंतर नरेंद्र दाभोलकर. त्यांच्या अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, भूमिका अशी की देवाधर्माला विरोध नाही, त्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, त्यामुळे वारकरीही सोबत येऊ शकायचे आणि नास्तिकही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळ ज्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला तो पूल त्याच विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाचा आहे. पुढच्याच वर्षी जूनमध्ये हडपसरला एका तरुण मुस्लिम इंजिनिअरचा जमावानं जीव घेतला. मला वाटतं या दोन घटनांनंतर पुष्कळ पोरांना नुसता वाद घालणं पुरेनासं झालं, मग वारीत एक दिवस चाल, रमजानात इफ्तारीला जा, असं सुरू झालं. जुने कार्यकर्ते यावर कुरकुरतात, म्हणतात ही पोरं धर्मावर कोणाला प्रश्नच विचारत नाहीत, आणि त्यात तथ्य आहे.

कागदावरही थोडी जागा झालीय. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की सरकार कोणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, 'धर्म नाही' असंही लिहिता येतं. पण अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, त्यामुळे स्कॉलरशिपवर शिकणारं पोरगं मनातून कितीही निधर्मी असलं तरी तो रकाना रिकामा ठेवताना दहादा विचार करतं, कोथरूडच्या फ्लॅटमधल्या त्याच्या सवर्ण दोस्ताला तो करावा लागत नाही.