ड्रेज पंप भाड्याने नेणाऱ्यांसाठी: जेवायला जाताना पंप नुसता बंद करू नका

ड्रेज पंप म्हणजे तळाची रेती पाण्यासोबत उचलून पाइपने पुढे टाकणारा पंप. आमच्या रबाळ्याच्या शेडमधून असा पंप गेला की दुपारी दोन-अडीचला हमखास एक फोन येतो, "इंजिन मस्त चालू आहे, पण पुढे काहीच पडत नाही." पंपाला काहीच झालेलं नसतं, जेवणाची सुट्टी झाली, माणसाने इंजिन बंद केलं आणि लाइनमधली (पाइपमधली) रेती होती तिथेच खाली बसली, एवढंच.

पंप रेती ओढत नाही, पाणी ओढतो, आणि पाणी जोरात असेल तर रेती सोबत येते. शंभर लिटर मिश्रणात दहा ते वीस लिटर रेती म्हणजे चांगलं काम, बाकी सगळं पाणीच. त्यामुळे "नुसतं पाणीच येतंय" म्हणून सक्शनचं (पाणी ओढणाऱ्या पाइपचं) तोंड रेतीत खुपसू नका, पाणी आत शिरायला वाट राहिली नाही तर रेतीही येणार नाही. सहा इंची लाइनला पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे तासाला 200 घनमीटर मिश्रण, त्यात दहा टक्के रेती धरली तर साधारण 7 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ढीग साधारण दीडपट दिसतो कारण दाण्यांमध्ये पोकळी असते, ते फुकटचं समजा.

आता मुद्द्याचं. नवी मुंबईतल्या बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरांचा हात बसलेला असतो तो गाळावर. सिडकोने डच पद्धतीने बांधलेले होल्डिंग पाँड (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे तलाव), नाले, तलाव, तिथला बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो, पंप अर्धा तास बंद ठेवला तरी परत चालू केला की निघतो. रेतीचा दाणा पाण्याच्या अडीचपट जड, वेग गेला की काही सेकंदांत तळाला. तोच ऑपरेटर तीच सवय घेऊन रेतीवर येतो आणि लाइन जाम करून बसतो. मग रेस वाढवून बघतात, त्याने बोळा अजून घट्ट होतो, आणि शेवटी एकेक फ्लँज (पाइपचा जोड) खोलून पाइप झटकत बसायचं, दिवस गेला.

करायचं एवढंच की बंद करायच्या आधी सक्शन तळापासून वर उचला, तोंड पाण्यातच राहू द्या, हवा ओढायला नको, आणि स्वच्छ पाणी चालू ठेवा. 200 मीटरच्या लाइनमधून पाणी मिनिटभरात पुढे जातं, तरी आम्ही चार मिनिटं सांगतो कारण तळाशी लोळत जाणारी रेती पाण्यापेक्षा हळू सरकते. शेवटच्या टोकाला पांढरं पाणी पडताना डोळ्याने बघा आणि मगच इंजिन बंद. डिझेल संपून बंद पडलं तरी रेती बसतेच, तेव्हा टाकी आधी बघा. असं झालंच तर परत चालू करायच्या आधी लाइनच्या सगळ्यात खालच्या ठिकाणचा व्हॉल्व्ह उघडून रेती सोडा.

पंपावर दोन गेज लावून देतो ते शोभेला नाहीत. व्हॅक्यूमचा काटा चढला तर सक्शन गाडलं गेलंय किंवा जाळीला प्लास्टिक, निर्माल्य, जुनं जाळं अडकलंय (खाडीत हे रोजचंच). डिस्चार्जचं प्रेशर चढतंय आणि धार बारीक होतेय तर लाइनमध्ये रेती बसायला लागलीय, लगेच सक्शन वर घ्या.

लाइन जाम झाली तर माणूस पाठवायचे पैसे वेगळे लावतो म्हणून काहीजण नाराज असतात. पण इम्पेलर (पंपाच्या आतला फिरणारा पंखा) आणि लायनर (आतलं अस्तर) झिजतात ते आम्ही भाड्यातच धरतो, रेती आहे म्हटल्यावर झीज होणारच, बंद करायची पद्धत मात्र तुमच्या हातात असते. आमचा ऑपरेटर सोबत घेतलात तर जामचा खर्च आमचा. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय पंप देत नाही, त्यावर वाद घालू नका, मुंब्रा-दिवा पट्ट्यात विनापरवाना पंप सापडला की महसूलवाले तो जागेवरच कापून टाकतात.

फोन करताना पाइप किती इंची, लाइन किती लांब, किती उंच चढवायचंय, ओहोटीला पाणी किती राहतं एवढं सांगा, आणि जमलं तर तळाची बाटलीभर रेती घेऊन या, दाणा बघितला की कुठला पंप द्यायचा ते लगेच सांगतो.