सीबी ३५० ट्विन की सीबी ३५० फोर: रेसला कुठली घ्यायची ते एकदाच सांगतो

परवा परत एकाने फोटो पाठवला. "दादा, होंडा सीबी ३५० मिळतेय, स्वस्तात आहे, व्हिंटेज रेसिंगला (जुन्या गाड्यांच्या रेसला) घेऊ का?" फोटोत बघतो तर चार सायलेन्सर. म्हणजे चार सिलिंडरवाली फोर, दोन सिलिंडरवाली ट्विन नव्हे. त्याला नाही म्हटलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "पण चार सिलिंडर आहेत ना, मग ही जास्त भारी नाही का?" या एका वाक्याचा मला आता इतका कंटाळा आलाय की सगळं एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवीन.

आधी तिसरी भानगड बाजूला काढू. भारतातनं कुणी विचारलं की त्याच्या डोक्यात होंडाचीच हायनेस सीबी ३५० असते, २०२० ला आलेली. एक सिलिंडर, ३४८ सीसी, ५५०० आरपीएमला जेमतेम एकवीस हॉर्सपॉवर. गाडी छान आहे, लाँग राइडला तर मस्तच, पण जुन्या गाडीशी तिचं नातं नावापुरतं आणि टाकीच्या आकारापुरतं. जुनी दिसणारी गाडी आणि जुनी गाडी यात फरक असतो राव. विषय संपला.

आता खऱ्या दोन गाड्या. ट्विन म्हणजे १९६८ ते १९७३ मधली सीबी ३५०. नाव ३५०, प्रत्यक्षात ३२५ सीसी, दोन सिलिंडर, १८० अंशाचा क्रँक (एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली), पाच गिअर, १०,५०० आरपीएमला ३६ हॉर्सपॉवर. मी राहतो त्या अमेरिकेत ही लाखांनी खपली, त्यामुळे आजही कुणाच्या तरी कोठारात ताडपत्रीखाली एखादी सापडतेच, इथे व्हिंटेज रेसिंग करणाऱ्यांना ही वेगळी सांगायला नको. फोर म्हणजे सीबी ३५० एफ, १९७२ ते १९७४. ३४७ सीसी, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर म्हणजे कार्ब, चार सायलेन्सर आणि पॉवर ३४. हो, चौतीसच, ९५०० ला. सीसी बावीसने जास्त आणि पॉवर दोनने कमी, तरी लोक म्हणतात भारी.

लोक घसरतात ते इथेच, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

"जास्त सिलिंडर म्हणजे जास्त पॉवर" हे डोक्यात आलं कुठून तर होंडाच्याच साठच्या दशकातल्या ग्रां प्री गाड्यांवरून, आणि तिथे ते शंभर टक्के खरं होतं. १९६७ ला होंडाचा रेसर माइक हेलवूडने ३५० चं वर्ल्ड टायटल जिंकलं ती आरसी १७४ सहा सिलिंडरची होती, आणि सीसी किती तर फक्त २९७! पण सहा सिलिंडर कशासाठी केले होते ते कुणी बघत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ४१ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली जातो ते अंतर, ३७.५. सिलिंडर वाढवले ते स्ट्रोक आखूड करता यावा म्हणून. पिस्टन एका फेरीत स्ट्रोकच्या दुप्पट अंतर तोडतो, एकदा वर एकदा खाली, म्हणजे स्ट्रोक जितका आखूड तितक्या जास्त फेऱ्या तुम्ही पिस्टनचा वेग न वाढवता मारू शकता, आणि जास्त फेऱ्या म्हणजे मिनिटाला जास्त स्फोट, म्हणजे पॉवर. सगळी गंमत त्या आखूड स्ट्रोकची आहे, सिलिंडर मोजायची नाही.

आता आपल्या दोघींचे आकडे बघा. ट्विनचा बोअर ६४, स्ट्रोक ५०.६. फोरचा बोअर ४७, स्ट्रोक ५०. परत वाचा. ५०.६ आणि ५०. चार सिलिंडर करून, चार कार्ब लावून, इंजिन हातभर रुंद करून स्ट्रोक कमी झाला किती, तर नखाच्या जाडीएवढा! ट्विनचा पिस्टन १०,५०० ला सेकंदाला साधारण १७.७ मीटर या सरासरी वेगाने धावतो. फोर त्याच आरपीएमला न्या, १७.५ येतात. म्हणजे ज्या कारणासाठी रेसवाले सिलिंडर वाढवतात ते कारणच या गाडीत नाहीये. उलट तिचा बोअर स्ट्रोकपेक्षा लहान झालाय, आणि ४७ च्या भोकात व्हॉल्व्ह बसवणार केवढे. ट्विनमध्ये ६४ च्या बोअरवर मोठे व्हॉल्व्ह, श्वास घ्यायला मोकळी जागा.

कुणीतरी म्हणेलच की फोरचे पिस्टन हलके आहेत आणि चारही पिस्टनचं मिळून क्षेत्रफळ ट्विनपेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणजे कागदावर तीच पुढे जायला हवी. मान्य. फोरमधून पॉवर निघत नाही असं मी म्हणतच नाही. पण ती काढायला आठ व्हॉल्व्ह, ते टेकतात त्या आठ सीट, चार पिस्टन, चार कार्ब, सगळ्यावर दुप्पट मजुरी, आणि एवढं करून तुम्ही पोचणार कुठे तर जिथे ट्विनवाला दोन पिस्टन आणि चार व्हॉल्व्हमध्ये पोचलाय. फोर होंडाने बनवली होती मऊ चालायला. व्हायब्रेशन नाही, आवाज शिवणयंत्रासारखा, सिग्नलला उभी असली की चालू आहे का बंद ते कळत नाही. त्या कामात ती अप्रतिम आहे. पुढे १९७५ ला होंडानेच ही चूक म्हणा किंवा मवाळपणा म्हणा दुरुस्त केला, स्ट्रोक तोच ५० ठेवून बोअर ५१ केला, सहावा गिअर दिला, चार पाइप एकात आणले आणि झाली सीबी ४०० एफ. चार सिलिंडरचीच हौस असेल तर ती घ्या, फक्त ती ४०८ सीसी आहे, रेसमधल्या ३५० च्या क्लासचं, म्हणजे गटाचं, नाव काढू नका.

वजनाचं एका वाक्यात. ट्विन कोरडी, म्हणजे पेट्रोल-तेल न भरता, दीडशे किलोच्या आसपास, फोर १७०. तीस-पस्तीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर वीस किलो म्हणजे मागच्या सीटवर शाळकरी पोरगं बसवून रेस लावण्यासारखं आहे.

बाकीचे फरक किरकोळ. ट्विनला पुढे ड्रम ब्रेक, फक्त १९७३ च्या सीबी ३५० जी ला डिस्क, फोरला डिस्कच. डिस्क बघून हुरळून जाऊ नका, साठच्या दशकातल्या गाड्यांच्या क्लासमध्ये ड्रमचीच चलती असते, आधी रूलबुक वाचा आणि मग पैसे काढा. ओळखायला साइड कव्हर वाचत बसायचं नाही, पाइप मोजा.

क्लासचं मात्र नीट समजून घ्या कारण इथेही गोंधळ आहेच. इथे अमेरिकेत एएचआरएमए नावाची संस्था १९८६ पासून व्हिंटेज रेसिंग चालवते, तिच्या साठच्या दशकातल्या गाड्यांच्या ३५० जीपी क्लासच्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेवर) नजर टाकलीत तर ट्विनच ट्विन दिसतात. तुम्ही म्हणाल १९७३ ची गाडी साठच्या दशकाच्या क्लासमध्ये कशी काय. तर तिथे तुमच्या कागदावरचं साल बघत नाहीत, डिझाइन बघतात. १९६८ ला जे इंजिन आणि जी फ्रेम आली तीच १९७३ पर्यंत चालली असेल तर ती त्याच काळातली धरतात. हा नियम ट्विनच्या पथ्यावर पडतो. फोरचं डिझाइनच १९७२ चं, तिला मागे ढकलायला काहीच आधार नाही. तेच ट्विननंतर आलेल्या सीबी ३६० चं, १९७४ ची, ३५६ सीसी, वर कॅम चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या दोषासाठी कंपनीने परत बोलावलेली. तिला "३५० ची सुधारलेली आवृत्ती" म्हणून विकणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय. ट्विनचीच उंच पाइपवाली बहीण सीएल ३५० मिळाली तर खुशाल घ्या, वर गेलेले पाइप काढून टाकायचे, इंजिन तेच आहे.

ट्विन बघायला जाल तेव्हा क्रोम, टाकी, सीट यातलं काही बघू नका, तसंही सगळं उतरवायचंच आहे. मूळचे व्हॅक्यूमवाले कार्बसुद्धा जाणार, त्या जागी मिकुनीचे साधे स्लाइडवाले येणार. बघायचं ते कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. या इंजिनमध्ये कॅमच्या दोन्ही टोकांना वेगळं बेअरिंग नाही, कॅम सरळ हेडच्या बाजूच्या अॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये फिरतो, तेलाच्या पातळ थरावर. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, तेल उतरलं आणि मग कुणीतरी उत्साहात किक मारून लगेच मूठ पिळली की ते अॅल्युमिनियम चरे पडून जातं. माझं पहिलं इंजिन असंच होतं. बाहेरून चकाचक, विकणाऱ्याने पॉलिश करून आणलेलं, मीही पॉलिशवरच भाळलो. घरी येऊन पॉइंट्सच्या (ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचच्या) बाजूचं कव्हर काढलं, आतल्या गोलात बोट फिरवलं तर नख अडकलं. एकदा, मग परत, मग परत, ग्रामोफोनच्या तबकडीसारखं. कॅमवर टेकून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या तोंडांवरही खड्डे पडलेले. दोन्ही कव्हरं, कॅम आणि चारही रॉकर शोधण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

तेव्हापासून मी खिशात पाना घेऊनच जातो. गाडी थंड असताना जायचं, पॉइंट्सचं कव्हर उघडू का विचारायचं, आणि विकणारा "कशाला उघडताय, चालू करून दाखवतो की" म्हणाला तर चहा घेऊन परत यायचं.

फोटो पाठवणाऱ्याने फोरच घेतली. सायलेन्सर चार आहेत म्हणून बायकोला आवडली म्हणे.